काळा आला की गरम

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. बद्रीनाथ. लग्नात उखाण्यातून घेतलं तेव्हा लाजले होते, आता लाजत नाही. ज्या माणसानं माझं हाड मोडलं त्याला पाठीमागेसुद्धा 'आमचे हे' म्हणत बसायला मी काही एवढी साधी राहिलेली नाही. तोंडावर मात्र अजूनही 'अहो'च म्हणते. मेली सवय जात नाही.

बद्रीनाथबद्दल सांगायचं तर मारामारीचंच सांगावं लागतं. जन्म तांबट आळीतला. माझे सासरे तात्याराव घागरी, बंब, घंगाळी ठोकायचे. सकाळी ठोकाठोकी सुरू झाली की आळीत शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे, आणि ओरडूनही ऐकू गेलं नाही की हात वापरायचे. ठोका चुकला की तात्याराव हातोडीचा दांडा पोराच्या मनगटावर हाणायचे. का चुकला, ते सांगायचे नाहीत. पोरानं 'का?' विचारलं तर दुसरा दांडा. "तांबं मारल्याशिवाय वळत नाही, पोर कसं वळेल?" असं ते मला, नव्या सुनेला, चहा पिता पिता समजावून सांगत होते. मी मान डोलावली. सून म्हणून आलेल्या बाईची मान तेवढ्यासाठीच असते.

मग घरोघरी स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि बद्रीनाथनं शनिवार पेठेत स्कूटरचं गॅरेज काढलं. हातोडी बापाचीच ठेवली. पुण्यात तेव्हा माणसापेक्षा स्कूटर जास्त, आणि सगळ्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या. त्या ऑइलनं प्लग काळा होतो, ठिणगी पडत नाही, गाडी मिसिंग मारते आणि बरोबर लकडी पुलाच्या मध्यावर बंद पडते. प्रत्येकाच्या डिकीत एक जादा प्लग आणि एक प्लगपाना असायचाच. बद्रीनाथ प्लग काढायचा, वास घ्यायचा आणि सांगायचा की गाडीला काय झालंय. त्याचा कायदा एकच होता. काळा आला की गरम घालायचा.

हे मला नीट कळायला फार वर्षं गेली, म्हणून सांगून टाकते. प्लग दिसायला सगळे सारखे, पण कुणी उष्णता धरून ठेवतो, कुणी सोडून देतो. धरून ठेवणारा तो गरम प्लग. तो तापलेला राहतो, त्यामुळे त्याच्यावर आलेलं ऑइल जळून जातं आणि प्लग साफ राहतो. सोडून देणारा तो थंड. गावात सिग्नलला थांबत, रडत-रखडत चालणाऱ्या जुन्या स्कूटरला गरम प्लग घातला की ती सुतासारखी सरळ व्हायची. बद्रीनाथची सगळी कीर्ती एवढ्यावर उभी होती.

गिऱ्हाइकांनाही तो सोडत नसे. बँकेतले एक साहेब म्हणाले, "मागच्या वेळी तुम्हीच बिघडवलीत." बद्रीनाथनं त्यांना कॉलरला धरून रस्त्याकडेच्या गटारात बसवलं आणि वरून त्यांची पिशवी टाकली. पुढच्या महिन्यात साहेब परत हजर. पुणेकर अपमान सहन करतो, गाडी बंद पडलेली सहन करत नाही.

मी सदाशिव पेठेत हाडांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायच्या कामाला होते. एकदा गॅरेजमध्ये डबा घेऊन गेले आणि गिऱ्हाइकासमोर म्हटलं, "अहो, आधी जेवून घ्या." एवढंच. प्लगपाना भिरभिरत आला तो माझ्या गळ्याच्या हाडावर बसला. ज्या टेबलामागं मी बसते त्याच टेबलापुढं पेशंट म्हणून उभी राहिले. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. मी म्हटलं, जिन्यात पडले. ते म्हणाले, "श्यामलाबाई, तुमच्या घराला जिने फार आहेत हो." आमचं घर तळमजल्यावर होतं, ते त्यांना माहीत होतं.

आम्हाला एकच मुलगी, चैताली. शाळा सुटली की ती गॅरेजमध्ये बसायची. पोरीला प्लग काढता-घालता यायचे, बद्रीनाथला त्याचा अभिमानही होता, तसं तो कधी बोलला नाही ती गोष्ट वेगळी. चौथीत की पाचवीत असताना कोथरूडच्या एका माणसाची स्कूटर आली. बद्रीनाथ बाहेर गेलेला. चैतालीनं काळा प्लग काढला आणि त्याच आकड्याचा, म्हणजे तेवढाच थंड, नवा घालून दिला. तासाभरात तो माणूस घामाघूम होऊन गाडी ढकलत परत आला. तोवर बद्रीनाथ आला होता. त्यानं ग्रीसच्या हातानं पोरीच्या कानफटात ओढली.

"काळा आला की?"

ती बोलेना. दुसरी बसली.

"काळा आला की?"

"गरम."

"मोठ्यानं."

"गरम."

मग तिनं विचारलं, "पण का?" आणि तिसरी बसली. ही सगळ्यात जोरात होती. समोरच्या दुकानातले लोक बघत होते, कुणी हललं नाही. मी घरी तिच्या गालावरची काळी बोटं रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, मग साबणानं धुतली, तरी ती दोन दिवस दिसत होती. त्या कानात तिला कितीतरी दिवस शिट्टी वाजत होती, अजूनही त्या कानानं तिला जरा कमीच ऐकू येतं. पण कायदा मात्र तिच्या डोक्यात पक्का बसला. का, ते बसलं नाही. ते बद्रीनाथलाही सांगता आलं नसतं, त्याच्याही डोक्यात ते दांड्यानंच बसलेलं असणार.

पुढं देश उघडला म्हणतात तसा उघडला. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या, ऑइल न पिणारी इंजिनं आली, काचेची आणि एसीची सर्व्हिस सेंटरं आली. शनिवार पेठेतल्या गॅरेजपुढं रांग राहिली नाही. एका सेंटरातून टाय लावलेला मुलगा आला आणि म्हणाला, "काका, आमच्याकडे या, युनिफॉर्म देऊ." बद्रीनाथनं हातातला सायलेन्सर त्याच्या तोंडावर मारला. दोन दात पडले. पोलिसांनी बद्रीनाथला चौकीत नेऊन बडवला आणि तो घरी येऊन मला बडवायला लागला. मार असाच वरून खाली उतरत यायचा आणि शेवटच्या पायरीवर मी उभी असायची.

तोवर चैताली शिकून कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. त्या दिवशी ती घरात होती. बद्रीनाथनं माझे केस धरले, दुसरा हात उचलला, आणि मला एक बारीक कट्कन आवाज आला. मला वाटलं माझंच काहीतरी गेलं. बघते तर चैतालीच्या हातात प्लगपाना आणि बद्रीनाथ उजव्या हाताचं बोट धरून भिंतीशी वाकलेला.

"आई, चप्पल घाल," ती म्हणाली.

मी घातली. रिक्षा केली आणि कोथरूडला गेलो. आधी तिच्या मैत्रिणीच्या खोलीवर, मग भाड्याच्या फ्लॅटमध्ये. त्यानंतर तिनं बापाचं नाव घेतलं नाही. कुणी घेतलं तर उठून खोलीबाहेर जायची. अगदी वाक्य अर्धं असताना जायची.

आणि पोरीला उडायचं वेड लागलं. आधी सुट्टीच्या दिवशी बिनइंजिनाची ग्लायडर, मग पगारातून लायसन्स. मी म्हटलंसुद्धा, बापापासून सुटायला इतक्या उंच जायची काही गरज नाही, कोथरूड पुरेसं आहे. ती हसली. हसली की अगदी बद्रीनाथसारखी दिसते, हेही आमचं नशीब.

तिच्या कंपनीचे मालक अनिरुद्ध. अमेरिकेतून परत आलेले, कोथरूडमध्येच राहायचे, माणूस सज्जन पण वेडा. त्यांनी शहराबाहेर मांजरी गावाच्या पुढं एका बड्या माणसाच्या खासगी धावपट्टीवर पत्र्याची शेड घेतली आणि तिथं दोन माणसांचं छोटं विमान बांधायला घेतलं. परवानग्यांसाठी दिल्लीच्या खेपा घालून त्यांच्या टाचा झिजल्या. उडवणार चैताली. इंजिन त्यांनी एका जपानी मोटारीचं आणलं होतं, आणि तेही भलतंच. त्यात पिस्टन नाही. एक तीन कोपऱ्यांची लोखंडी चकती डब्यात गरागरा फिरते, तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक पट्टी असते, तिला सील म्हणतात. अशा दोन चकत्या, आणि प्रत्येकीला दोन दोन प्लग. हलकं, तगडं इंजिन, पण ऑइल पितं. स्कूटरसारखंच.

ऑइल पिणारं इंजिन म्हटल्यावर अनिरुद्धना कॉलेजातली आपली स्कूटर आठवली आणि ते सरळ शनिवार पेठेत गेले. बद्रीनाथला कामावर घेऊन बसल्यावर त्यांना कळलं की हा चैतालीचा बाप. त्यांनी तिला खरं ते सांगितलं, लपवलं नाही.

चैताली म्हणाली, "त्यांना काढू नका, त्यांचं पोट आहे. ते इतर दिवशी येऊ देत, मी रविवारी येईन. शेडमध्ये आम्ही एका वेळी असणार नाही. आणि त्यांच्याबद्दल मला एक शब्द सांगायचा नाही."

अनिरुद्धनी ते पाळलं. पुढं जे झालं ते त्या पाळण्यामुळेच झालं.

इंजिन सुरू झालं तशी प्लगची भांडणं सुरू झाली. जमिनीवर हळू चालवलं की चारही प्लग काळे, ओले. बद्रीनाथ म्हणाला, गरम घाला. अनिरुद्ध म्हणाले, नाही, विमानाला सिग्नल नसतात, ते एकदा निघालं की वर पोचेपर्यंत पूर्ण जोरावर चालतं, याला थंडच प्लग पाहिजे. बद्रीनाथनं त्यांचा गळा धरून त्यांना पत्र्यावर दाबलं. "मला प्लग शिकवतोस?" अनिरुद्धचा चष्मा खाली पडून फुटला. तशाही अवस्थेत ते म्हणाले, "घाला. तुमच्या हातानं घाला. इंजिन स्टँडला बांधलेलं आहे, कुणाचा जीव जाणार नाही."

बद्रीनाथनं गरम प्लग घातले. इंजिन असं गोड चाललं की त्यानं अनिरुद्धकडे बघून मिशीवरून हात फिरवला. मग पूर्ण जोर दिला. थोडा वेळ सगळं ठीक होतं. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो, आणि पूर्ण जोरावर ती उष्णता उतरायला वेळच मिळत नाही. प्लगचं टोक लाल झालं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटायला लागलं, चकती पुढं फिरत असतानाच उलट्या बाजूनं स्फोट. खडी दळल्यासारखा आवाज आला आणि इंजिन फुटलं. सीलचा तुकडा धुरांड्यातून सुटला, बद्रीनाथच्या डाव्या कानाची पाळी घेऊन गेला आणि पत्र्याला भोक पाडून बाहेर पडला.

बद्रीनाथ कान धरून जमिनीवर बसला. बोटांमधून रक्त वाहत होतं. अनिरुद्धनी मला नंतर सांगितलं की तो बराच वेळ त्या भोकाकडे बघत होता, आणि मग म्हणाला, "चुकलं." हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ऐकायला मिळाला तो अनिरुद्धना. माझं हाड बहुधा कमी पडलं.

इंजिन पुन्हा बांधलं, थंड प्लग घातले. जमिनीवर ते कुरकुरायचं, अडखळायचं, आणि बद्रीनाथ ते निमूट ऐकून घ्यायचा. उरलेले चार गरम प्लग त्यानं डब्यात घालून कपाटात ठेवले. नवा प्लग फेकून देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आणि रविवारी चैतालीनं विचारलं तेव्हा अनिरुद्ध एवढंच म्हणाले, "सील तुटलं होतं, नवीन टाकलंय." का तुटलं ते सांगायचं तर तिच्या बापाचं नाव घ्यावं लागलं असतं.

पहिल्या उड्डाणाचा रविवार आला. मुंबईहून पैसेवाले पाहुणे आले होते, त्यांच्या गाड्या आणि ड्रायव्हर, फोटोवाले, हार, पेढे. मी मटकीच्या उसळीचा डबा घेऊन गेले होते, कारण अशा समारंभात उडवणाऱ्याला कुणी जेवायला विचारत नाही. तिथं लांब बाभळीखाली मला एक स्कूटर दिसली आणि स्कूटरला टेकलेला बद्रीनाथ. अर्ध्या कानाचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. रविवार पोरीचा ठरला होता. पण त्या दिवशी तमाशा नको म्हणून मी गप्प बसले.

चैतालीनं इंजिन सुरू केलं आणि पाहुण्यांचे फोटो संपेनात. मग कुणीतरी दोन शब्द बोलले. इंजिन आपलं हळूहळू चालतंय, ऑइल पितंय. शेवटी ते अडखळलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. एक पाहुणा घड्याळ बघत म्हणाला, "विमान आहे की स्कूटर?" बाकीचे हसले.

चैताली खाली उतरली. मला तिचा चेहरा दिसत होता. पोरांनी विमान शेडजवळ ढकलत आणलं, तिनं चारही प्लग काढून ट्रॉलीवर ठेवले. काळे, ओले. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि तिचा हात आपोआप गालाकडे गेला. कानाजवळ. मी ते बघितलं, पण मला काय कळणार. अनिरुद्ध पाहुण्यांना पेढे देत होते. चैतालीनं कपाट उघडलं, डबा काढला, प्लगवरचा आकडा वाचला आणि स्वतःशीच मान डोलावली. चार गरम प्लग तिच्या हातानं भराभर बसले. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झालं आणि असं गोड चालायला लागलं की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला, वरची काच लावली आणि विमान धावपट्टीच्या टोकाकडे नेलं.

तेवढ्यात बद्रीनाथ शेडकडे धावत येताना दिसला. चांगला कान विमानाच्या दिशेनं वळवलेला. मी दारात आडवी झाले.

"आज रविवार आहे," मी म्हटलं.

त्यानं मला ढकललं. मी ट्रॉलीवर आदळले, ट्रॉली उलटली, प्लग घरंगळले. त्यानं एक उचलला. हाताला काळं ऑइल लागलं.

"कुणी काढले हे?"

"चैतालीनं. काळे आले म्हणून. का, तिला मारायचंय?"

बद्रीनाथचा चेहरा मी मारतानाचा बघितलाय, मार खातानाचा बघितलाय. तसा कधी बघितला नव्हता. "गरम घातले," तो म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही. "पोरीनं गरम घातले." मग त्यानं शेडमध्ये ठेवलेली बापाची हातोडी उचलली आणि स्कूटरकडे पळाला.

मी ओरडत मागं धावले. मला वाटलं तेच सगळ्यांना वाटलं. हातोडी घेतलेला, अर्ध्या कानाचा, डोळे फाटलेला माणूस स्कूटर घेऊन पोरीवर निघालाय. चैतालीनंही विमानाच्या काचेतून बघितलं. ती मला नंतर म्हणाली, "आई, मला वाटलं, इथंसुद्धा आले." आणि तिनं त्याच्यापासून सुटायला इंजिनाला पूर्ण जोर दिला.

विमान धावायला लागलं. बद्रीनाथ धावपट्टीवर चढून समोरून येत होता. त्यानं हातोडी भिरकावली, ती पंखावर आपटून उडाली. विमान थांबेना. तरी त्यानं स्कूटर वळवली नाही. शेवटच्या क्षणी ती आडवी पाडली आणि स्कूटरसकट नाकावरच्या फिरत्या पंख्याखाली घुसला.

पंखा लाकडाचा होता. तो फुटला तो आवाज मांजरीत ऐकू गेला असेल. लाकडाचे तुकडे पाहुण्यांच्या गाड्यांच्या काचांतून आरपार गेले. विमानाचं पुढचं चाक मोडलं, नाक जमिनीत घुसलं, शेपटी वर झाली आणि पुन्हा धाडकन खाली आली. स्कूटरचा पत्रा चोळामोळा झाला होता. बद्रीनाथ लांब फेकला गेला होता आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं आणि अर्धा पंजा त्याच्यासोबत नव्हता.

पहारेकरी काठ्या घेऊन पोचले. ड्रायव्हर पोचले. पडलेल्या, रक्तानं भिजलेल्या माणसाला ते लाथांनी तुडवत होते. मीही पोचले. माझ्या हातात डबा होता. मी तो त्याच्या पाठीत घातला, पुन्हा घातला, झाकण उडून उसळ त्याच्या अंगावर सांडली तरी घालत राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ज्या बाईचं हाड मोडलंय तिला एवढं चालतं.

"बाजूला व्हा सगळे."

चैताली. कपाळ फुटलं होतं, पट्ट्यानं खांदा सोलला होता, पण स्वतःच्या पायांवर उभी होती. ती बापाजवळ येऊन थांबली. इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

"मला मारायला आलात?"

बद्रीनाथनं नाही म्हणून मान हलवली. तोंडात माती होती. "गरम आहेत ते," तो म्हणाला.

"काळे आले होते."

"हां. मग बरोबर केलंस. मीच शिकवलं." आणि त्याची शुद्ध गेली.

चैतालीला काही कळलं नाही. अनिरुद्धना कळलं. ते इंजिनापाशी धावले, एक प्लग काढला, आकडा बघितला आणि तिथंच मातीत बसले.

पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावला. चूक नव्हती त्यांची, शंभर माणसांनी बघितलं होतं. अनिरुद्ध चैतालीला समजावून सांगत होते, आता बापाचं नाव घेऊन सगळं सांगत होते, आणि ती ऐकून म्हणाली, "मला दाखवा." लाकडी पंखा फुटल्यामुळे इंजिन वाचलं होतं. त्यांनी ते स्टँडला बांधलं, दुसरा पंखा लावला, तेच चार गरम प्लग घातले आणि भोवती वाळूची पोती रचली. चैतालीनं स्वतः पूर्ण जोर दिला. मी तिच्या मागं उभी होते.

इंजिन गोड चाललं. विमान जमीन सोडून, उसाचं शेत ओलांडून, पुढच्या वस्तीच्या पत्र्यांवर आलं असतं तोवर गोडच चाललं. मग खडी दळल्यासारखा आवाज आला आणि ते फुटलं. तुकडा पोत्यात घुसला, भोकातून वाळू गळायला लागली. चैतालीनं पोत्यात हात घालून तो तुकडा काढला. कोथरूडला घरी पोचेपर्यंत तो तिच्या मुठीत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. दाराशी पोलीस होता. चैतालीनं त्याला सांगितलं की तिनं जबाब बदललाय आणि ती आत जाणार आहे. मी दारातच थांबले. मला आत जायची घाई नव्हती. दारातूनच मी बद्रीनाथला स्पष्ट सांगितलं, "त्या एका धडकेबद्दल मी तुम्हाला माफ केलंय. बाकीच्यांबद्दल नाही." त्यानं मान डोलावली. ते त्याला मान्य असावं.

चैतालीनं खुर्ची ओढली. पर्समधून दोन प्लग काढले, एक थंड आणि एक गरम, आणि त्याच्या पोटावरच्या चादरीवर ठेवले.

"परत शिकवा," ती म्हणाली. "या वेळी हात न उचलता."

बद्रीनाथनं उशीवरच्या पांढऱ्या बँडेजकडे बघितलं. "उचलायला राहिलाय कुठं?"

"डावा आहे अजून."

त्यानं डावा हात चादरीखाली घेतला. खालचा ओठ चावला. मग नजरेनंच एका प्लगकडे खूण करून सुरुवात केली. हळू आवाजात बोलत होता. तांबट आळीतला माणूस हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. ऑइल कसं येतं, कुठं साठतं, स्कूटरचं वेगळं का, विमानाचं वेगळं का. चैताली पुढं वाकून ऐकत होती, चांगला कान त्याच्याकडे करून. मध्येच तिनं विचारलं, "पण का?"

मी दाराची कड घट्ट धरली. आमच्या घरात या शब्दावर हात उठत आला होता, तात्यारावांपासून. बद्रीनाथ थांबला. चादरीखाली काहीतरी हललं. मग त्यानं तिला कारण सांगितलं.